सिकलसेलवर क्रिस्पर: बातमीत काय आहे आणि लॅबच्या कागदावर काय दिसतं

पमी_नागपूरची

नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१'ची, म्हणजे सिकलसेलवरच्या भारतीय क्रिस्पर (डीएनए नेमक्या जागी कापून बदलणारं तंत्र) थेरपीची, बातमी आली तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न येतोय. "आता सिकलसेल कायमचा बरा होणार ना?" विचारणारे सगळे ओळखीचे, बहुतेकांच्या घरात एक तरी एसएस (आई-बाप दोघांकडून सिकलचा जनुक आलेला पेशंट). प्रत्येकाला वेगळं उत्तर टंकण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. नागपुरात रक्ताच्या तपासण्यांच्या लॅबमध्ये बरीच वर्षं एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) मशीनवर काम केलंय, आणि हा विषय सोडवत नाही म्हणून वाचत राहते, एवढंच.

आजार थोडक्यात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन येतं. डीएनएच्या भाषेत जीएजीचं जीटीजी झालेलं असतं, म्हणजे एका अक्षराचा फरक. एवढ्यानं होतं काय, तर ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार करतं, लाल पेशी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका. ज्यांनी घरात क्रायसिस पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिलं की हा रेणूचा आजार आहे. व्हर्नन इन्ग्रमनं पन्नाशीच्याच दशकात नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललंय ते शोधलं. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये १९५२ साली हा आजार नोंदवला गेला. म्हणजे कारण हातात येऊन जवळपास सत्तर वर्षं झाली, आणि त्यावर जनुक संपादनाचं पहिलं औषध मंजूर झालं १६ नोव्हेंबर २०२३ ला, ब्रिटनमध्ये. नाव कॅसजेव्ही. लगेच ८ डिसेंबरला अमेरिकेनंही मंजुरी दिली, १२ वर्षं आणि त्यापुढच्या पेशंटसाठी.

आता मुद्द्याची गोष्ट, जी बहुतेक बातम्यांमध्ये गाळली जाते. कॅसजेव्ही ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. जीटीजी होतं तिथेच राहतं.

मग करतं काय? १९४८ मध्ये जेनेट वॉटसन या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं होतं की सिकलसेल असलेल्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही. कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, आम्ही त्याला 'एफ' म्हणतो. एफ चांगल्या प्रमाणात असलं की एसचे, म्हणजे सिकलच्या हिमोग्लोबिनचे, दांडे जुळत नाहीत. जन्मानंतर शरीर एफ बनवणं हळूहळू थांबवतं. हे थांबवण्यात मोठा वाटा बीसीएल११ए नावाच्या जनुकाचा आहे, हे २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं दाखवलं (त्यात विजय शंकरन हे नाव दिसेल). तेव्हा विचार असा की बीसीएल११एला गप्प केलं तर एफ परत सुरू होईल.

पण तो जनुक पूर्ण तोडून चालत नाही, कारण इतर पेशींना तो लागतो. म्हणून त्याच जनुकाच्या आतला, फक्त लाल पेशी बनताना चालणारा एक नियंत्रक तुकडा शोधला गेला आणि क्रिस्परमधल्या कॅस९ नावाच्या कात्रीनं तेवढाच कापला जातो. मला विचाराल तर या सगळ्या कथेतलं सगळ्यात हुशारीचं काम हे आहे. क्रिस्परला २०२० चं नोबेल मिळालं ते शार्पांतिए आणि डाउडना या दोघींना, ते योग्यच, पण कुठे कापायचं हे ठाऊक नसेल तर कात्री घेऊन करायचं काय?

आमच्या मशीनच्या कागदावर हे कसं दिसेल ते सांगते, कारण मला तसंच समजतं. एचपीएलसीच्या आलेखावर साधारण एका मिनिटाच्या जवळ एफचा उंचवटा येतो, अडीच मिनिटांजवळ ए (नेहमीचं हिमोग्लोबिन), आणि साडेचारच्या आसपास एस. नॉर्मल माणसाच्या कागदावर एचा मोठा सुळका. एएस म्हणजे वाहक असेल तर ए मोठा, एस त्याहून लहान. आणि एसएस पेशंटच्या कागदावर एच्या जागी जवळपास काही नाही, एकदम साडेचारला उभा कडा. कॅसजेव्ही घेतलेल्यांचे ट्रायलमधले आकडे बघितले तर एस तिथेच आहे, पण एफ ४० टक्क्यांच्या वर गेलंय आणि जवळजवळ सगळ्या लाल पेशींमध्ये पसरलंय. त्यामुळे पेशंटला त्रास होत नाही. एफडीएनं (अमेरिकेची औषध नियामक संस्था) मंजुरी देताना जे ३१ पेशंट धरले त्यातल्या २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही मोठा क्रायसिस आला नाही. हा आकडा खराच मोठा आहे, त्यात खुसपट काढायचं कारण नाही.

फक्त हे लक्षात घ्या की बदल अस्थिमज्जेतल्या पेशींत झालाय. शुक्रपेशी आणि स्त्रीबीज जसेच्या तसे. थेरपी घेऊन ठणठणीत झालेला एसएस मुलगा आपल्या प्रत्येक मुलाला एक 'एस' देणारच. त्यामुळे एका बाजूला सरकारचं सिकलसेल 'निर्मूलन मिशन' आणि दुसऱ्या बाजूला 'जीन थेरपी' या दोन बातम्या एकाच श्वासात सांगतात तेव्हा माझं डोकं फिरतं. थेरपी त्या माणसाला बरं करेल. पुढच्या पिढीतली संख्या कमी होईल ती तपासणीनं.

---

खट्याळ_खोडरबर

म्हणजे चूक खोडायची नाही, चुकीला गप्प बसवायचं. आमच्या हापिसात हेच तंत्र वापरतात. (हलके घ्या, लेख आवडला.)

---

बंड्या_चांदा

पमीताई, मस्त समजावून सांगितलं तुम्ही. माह्या भाच्याले एसएस हाय, वय १४. थंडी पडली का पोरगं हातपाय दुखून राहिले म्हणून रात्रभर रडते. बहिणीनं बातमी पाह्यली तेव्हापासून म्हणून राहिली का पुण्याले नेऊ, तिथं सीरमवाले औषध देऊन राहिले म्हणते. खरं हाय का हे? आन किंमत किती? एका डॉक्टरनं कोटी सांगितले, दुसरा म्हणे फुकट भेटते. कोणाचं खरं समजाव?

---

पमी_नागपूरची

@बंड्या_चांदा, भाऊ, ताईंना सांगा पुण्याची गाडी आत्ता पकडू नका. झालंय असं: दिल्लीची आयजीआयबी ही सीएसआयआरची, म्हणजे सरकारी, जनुकशास्त्राची संशोधन संस्था. तिथे देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटानं फ्रान्सिसेला नोविसिडा नावाच्या जिवाणूतलं कॅस९ घेऊन त्यावर बरीच वर्षं काम केलं. ते नेहमीच्या कॅस९पेक्षा जास्त नेमकं कापतं, चुकीच्या ठिकाणी कमी जातं. कोविडमधली 'फेलुदा' टेस्ट आठवतेय? ती याच गटाची. सिकलसेलसाठीच्या त्यांच्या थेरपीला बिरसा मुंडांचं नाव दिलं, कारण ते त्यांच्या जन्माचं १५० वं वर्ष. तंत्रज्ञान सीरमकडे दिलं, तो करार आणि घोषणा म्हणजे ती बातमी. सीरमच्या गेटवर औषध मिळत नाही. आधी माणसांवरच्या चाचण्या, मग मंजुरी, आणि त्यानंतरही ते द्यायचं ते अस्थिमज्जा ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या हॉस्पिटलातच.

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी खरं बोलले असतील. अमेरिकेत कॅसजेव्हीची यादीतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे २० कोटी रुपयांच्या आसपास. त्याच दिवशी अमेरिकेत मंजूर झालेल्या लिफजेनिया या दुसऱ्या जीन थेरपीची ३१ लाख डॉलर. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याला औषधाचे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून 'फुकट'. पण चाचणीत घ्यायचं की नाही हे पेशंटची तपासणी करून ठरतं, आणि ती चाचणी असते, उपचाराची हमी नसते.

हे इंजेक्शन घेऊन घरी यायचं असं काम नाही, हेही ताईंना नीट सांगा. आधी औषध देऊन मज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी रक्तात आणतात, मशीननं गोळा करतात, एकदा पुरत नाहीत म्हणून पुन्हा बोलावतात. त्या पेशी कारखान्यात जातात, तिथे संपादन आणि तपासण्या होऊन परत यायला काही महिने. मग पेशंटला बुसल्फान नावाची कडक केमो. पेरणीआधी जुनं पीक मुळासकट काढावं लागतं, तसं जुनी मज्जा रिकामी केल्याशिवाय नव्या पेशी रुजत नाहीत. नंतर महिना-दीड महिना हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत. बुसल्फाननं पुढे मूल न होण्याची शक्यता असते, १४ वर्षांच्या पोराच्या बाबतीत ते आधीच बोलावं लागतं. अमेरिकेतल्या एका वेगळ्या कंपनीच्या चाचणीत २०२४ मध्ये एक पेशंट दगावला, तो संपादनामुळे नाही, या केमोच्या परिणामानं.

तोवर भाच्याला हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे का? तेवढं सांगा.

---

बंड्या_चांदा

गोळी देत होते, कॅप्सूल. मधात बंद केली. कोणीतरी म्हणे कॅन्सरची गोळी हाय, पोराले काहून देता.

---

सातपुड्याचा_डॉक्टर

वाचनमात्र होतो, पण हे वाचून लॉगिन केलं.

बंड्याभाऊ, हीच गोष्ट मी धडगाव-अक्कलकुवा भागात रोज ऐकतो. हो, हायड्रॉक्सियुरिया काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. म्हणून ती 'कॅन्सरची गोळी' होत नाही. सिकलसेलमध्ये ती कमी डोसमध्ये देतात आणि ती करते काय, तर एफ वाढवते. पमीताईंनी वर जे कोट्यवधींचं औषध समजावलं, त्याचं उद्दिष्ट आणि या कॅप्सूलचं उद्दिष्ट एकच. कॅप्सूलचा परिणाम तेवढा मोठा नाही, आयुष्यभर घ्यावी लागते, अधूनमधून रक्ताची तपासणी करून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघाव्या लागतात. पण क्रायसिस कमी होतात, छातीचा त्रास कमी होतो, रक्त चढवायची वेळ कमी येते. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळते. चंद्रपुरात तर आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्रच आहे. भाच्याला घेऊन जा आणि परत सुरू करता येईल का विचारा. स्वतःच्या मनानं जुन्या डोसनं सुरू करू नका, वजन वाढलं असेल.

माझं गाऱ्हाणं पमीताईंपेक्षा थोडं वेगळं आहे. क्रिस्परबद्दल मला कौतुकच आहे. पण माझ्याकडे येणारी आई पोराला पाठुंगळी मारून डोंगर उतरून येते, आणि तिच्या पोराला न्यूमोकॉकसची लस मिळालेली नसते. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधं न्यूमोनियाचं इन्फेक्शन जिवावर बेततं. लस आणि लहानपणी पेनिसिलिन, या दोन जुन्या गोष्टींनी वाचणारी मुलं मोजली तर जीन थेरपीला बराच काळ ती संख्या गाठता येणार नाही.

आपल्याकडच्या एसएसमध्ये एफ मुळातच जास्त असतं, अनेकदा १५-२० टक्के. अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्र वारशानं येणाऱ्या जनुकीय खुणांचा संच) म्हणतात त्याला. म्हणून जुन्या पुस्तकांत 'भारतातला सिकलसेल सौम्य' असं वाक्य असायचं. विदर्भातल्या पेशंटांवरच्या अभ्यासांनी ते वाक्य तेवढं खरं नाही हे दाखवलं, आणि वॉर्डात बसलेल्या कुणालाही ते आधीच ठाऊक होतं.

---

फिलीची_मावशी

धागा छान चाललाय. मी इथे फिलाडेल्फियात पेशी-उत्पादनाच्या क्षेत्रात काम करते, तर किमतीबद्दल चार शब्द.

लोक म्हणतात कंपन्या लुटतात. लुटतात की नाही यावर मी भांडणार नाही, पण एका पेशंटचं औषध म्हणजे एक वेगळी बॅच असते हे समजून घ्या. गोळीच्या एका बॅचमधून लाखो गोळ्या निघतात आणि एकदा गुणवत्ता तपासली की झालं. इथे प्रत्येक माणसाच्या पेशींसाठी स्वतंत्र स्वच्छ खोली, स्वतंत्र कागदपत्रं, जंतू नाहीत ना याच्या स्वतंत्र तपासण्या. खोलीत शिरायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, दोन-दोन हातमोजे, आणि प्रत्येक पायरीवर करणाऱ्याची एक सही, बघणाऱ्याची दुसरी. एखादी बॅच नापास झाली तर त्या माणसाला पुन्हा पेशी काढायला बोलवायचं. यातला खर्च कमी करायचा तर तो पेशंटच्या गावाजवळ, तिथल्या पगारात आणि तिथल्या सामानात व्हायला हवा.

आणि हे भारतात झालेलं आहे! आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटानं आणि टाटा मेमोरियलनं मिळून कार-टी थेरपी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून रक्ताच्या कॅन्सरवर वापरायची) बनवली, नेक्सकार१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत लोकार्पण. इथे तशाच उपचाराला औषधाचेच तीन-चार कोटी रुपये लागतात, तिथे ते चाळीस लाखांच्या आसपास बसतं.

दुसरं, मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट माझ्याच गावातली. केजे मल्डून नावाचं बाळ, ऑगस्ट २०२४ मध्ये जन्मलं. सीपीएस१ नावाचं एन्झाइम नाही, त्यामुळे प्रथिनं पचली की अमोनिया रक्तात साठतो आणि मेंदूला मार बसतो. इथल्या मुलांच्या हॉस्पिटलात रिबेका आरेन्स-निकलस आणि पेन विद्यापीठाचे किरण मुसुनुरु यांनी फक्त त्या एका बाळाच्या, फक्त त्या एका चुकीसाठी बेस एडिटर बनवला. सुमारे सहा महिन्यांत. पहिला डोस फेब्रुवारी २०२५ मध्ये. बेस एडिटिंगमध्ये डीएनएचे दोन्ही धागे तोडत नाहीत, एक अक्षर रासायनिक पद्धतीनं बदलतात. डेव्हिड लिउ यांच्या प्रयोगशाळेत २०१६ मध्ये सुरुवात झालेलं तंत्र. आणि केजेला ना पेशी काढाव्या लागल्या, ना केमो. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून दिलं, ते थेंब यकृतात गेले. जूनमध्ये बाळ घरी गेलं. पूर्ण बरं झालं असं डॉक्टरही म्हणत नाहीत, पण आधीपेक्षा जास्त प्रथिनं सोसतंय आणि औषधं कमी झाली.

सिकलसेलचं खरं वळण तेव्हा येईल जेव्हा हे थेंब यकृताऐवजी अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपर्यंत पोचतील. मग बुसल्फान नको, स्वच्छ खोली नको. यकृताकडे ते आपसूक जातात, मज्जेकडे न्यायला पत्ता चिकटवावा लागतो. जगभर बरेच गट त्याच्याच मागे आहेत.

---

संशयात्मा

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडा खडा टाकतो.

एक: चाळीस लाख 'स्वस्त'? महात्मा फुले योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. मधले पस्तीस कोण देणार?

दोन: हा आजार आपल्याकडे कोणाला आहे? गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा, आणि विदर्भातला बौद्ध समाज. नव्या थेरपीच्या चाचण्या यांच्याच पोरांवर होणार. नाव बिरसांचं, सही अंगठ्याची. संमतीपत्र इंग्रजीत असेल की मराठीत? आणि मराठीत असलं तरी माडिया बोलणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

तीन: आज आजार, उद्या गोरा रंग. चीनमध्ये २०१८ मध्ये झालंच ना.

---

पमी_नागपूरची

@संशयात्मा, तिसऱ्यापासून सुरू करते, कारण ते सोपं आहे. चीनच्या हं च्यानक्वी या शास्त्रज्ञानं भ्रूणांत सीसीआर५ जनुक बदलला, जुळ्या मुली जन्मल्या, जगभर बोंब झाली, आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याला तीन वर्षांची शिक्षा लागली. ते भ्रूणातलं संपादन, पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाणारं. वर आपण बोलतोय ते एका माणसाच्या मज्जेतलं, त्याच्यापाशीच संपणारं. दोन्हीला एकच कात्री लागते म्हणून दोन्ही एकाच पारड्यात टाकू नका.

पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही. पस्तीस लाख सरकारनं दिले तरच मिळतील, तुम्ही-आम्ही वर्गणी काढून नाही.

दुसऱ्यावर पूर्ण सहमत. एक भर घालते. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी उभी केली, स्वतःच्या घरात हा आजार पाहिलेला माणूस. अपंगत्वाच्या कायद्यात २०१६ मध्ये सिकलसेल आला त्यामागे अशा लोकांचा रेटा होता. त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. चाचण्यांच्या समित्यांवर पेशंटांच्या संघटनांची माणसं बसली पाहिजेत, नुसती उद्घाटनाला बोलावून शाल देऊ नये.

---

सातपुड्याचा_डॉक्टर

संमतीबद्दल: नियमाप्रमाणे चाचणीची माहिती पेशंटला समजेल त्या भाषेत द्यावी लागते, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि दुर्बल गटातला पेशंट असेल तर व्हिडिओ चित्रण सक्तीचं. लहान मुलाच्या बाबतीत पालकांची सही आणि कळत्या मुलाची स्वतःची संमती. कागद चांगला आहे. पण पावरी किंवा माडियात 'तुझ्या पोराला पुढे मूल होणार नाही कदाचित' हे वाक्य नीट सांगायला तास लागतो, आणि ओपीडीत माझ्याकडे एका पेशंटला पाच मिनिटं असतात. तो तास आशाताई आणि गावातली शिकलेली पोरं देऊ शकतात. त्यांना आत्तापासून तयार केलं तर.

---

कपाशीवाला_यवतमाळ

अवांतर विचारतो. हे क्रिस्पर म्हणजे आमच्या बीटीसारखंच का? मागं क्रिस्परच्या धानाची बातमी होती. पुन्हा बियाण्याचे भाव वाढणार का, एवढंच समजून घ्यायचं होतं.

---

पमी_नागपूरची

@कपाशीवाला, सारखं नाही. बीटी कापसात (२००२ ची मंजुरी) जमिनीतल्या एका जिवाणूचा जनुक बाहेरून आणून घातला. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या भाताच्या दोन वाणांत, 'डीआरआर धान १०० कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १', बाहेरचा जनुक ठेवलेला नाही, आहे त्याच जनुकात छोटा बदल केलाय. कमला हा सांबा मसुरीतून आणि पुसाचा एमटीयू १०१० मधून काढलाय. म्हणून २०२२ पासून अशा वाणांना जीएमचे कडक नियम लावत नाहीत. ही दोन्ही वाणं सरकारी संस्थांची आहेत. पण कात्रीचं पेटंट परदेशी आहे, त्यामुळे भावाची तुमची शंका रास्त आहे. यावर वेगळा धागा काढा, इथे सिकलसेल राहू द्या.

---

अनामिका_व

खूप दिवस विचारायचं होतं, हिंमत होत नव्हती. मी एएस आहे, कॉलेजच्या शिबिरात कळलं होतं. माझं ज्याच्याशी ठरतंय तोही एएस निघाला. घरच्यांनी लग्न मोडायचं ठरवलंय. त्याचं म्हणणं, आता क्रिस्पर आलंय ना, मूल झालं तर उपचार करू. मला हे पटत नाहीये, पण उत्तरही देता येत नाहीये.

---

फिलीची_मावशी

बाळ, तुला पटत नाहीये ते बरोबर आहे. अजून हातात नसलेल्या उपचाराच्या भरवशावर मूल जन्माला घालायचं नाही. जिथे तो उपचार मिळतो तिथेही तो बारा वर्षांनंतरच्या मुलांसाठी मंजूर झाला, म्हणजे पहिली बारा वर्षं क्रायसिस सोसून. पण म्हणून लग्न मोडायलाच हवं असं अजिबात नाही हं. पुढचं डॉक्टर सांगतील.

---

सातपुड्याचा_डॉक्टर

@अनामिका_व, दोघेही एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के, पूर्ण नॉर्मल २५ टक्के. 'पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन सुटली' असं नसतं, दर वेळी पत्ते नव्यानं पिसले जातात.

तुमच्याकडे मार्ग आहे. गरोदरपणाच्या साधारण ११ व्या आठवड्यापासून वारेचा छोटा नमुना घेऊन गर्भाचा डीएनए तपासता येतो. लिंगनिदान कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीला परवानगी आहे, फक्त नोंदणीकृत केंद्रातच करायची. आधी दोघांचे एचपीएलसी आणि डीएनए रिपोर्ट तयार ठेवा, गरोदर राहिल्यावर धावपळ नको. रिपोर्ट एसएस आला तर काय करायचं हा निर्णय तुमच्या दोघांचा, पण तो प्रश्न लग्नाआधी एकमेकांशी बोलून घ्या. टेस्ट ट्यूबच्या मार्गानं भ्रूण आधी तपासून घेण्याचीही सोय आहे, महाग पडते.

आणि घरच्यांना हे वाचून दाखवा: एएस म्हणजे आजार नाही. एएस आणि एए (नॉर्मल) यांच्या लग्नात एसएस मूल होत नाही. आमच्याकडे कार्डावर 'वाहक' दिसलं की मुलीला नकार, मुलाचं कार्ड मात्र कोणी मागतच नाही. तपासणीची मोहीम यानं बदनाम होते. मिशनचं २०२३ मध्ये ठरलेलं लक्ष्य ७ कोटी लोक तपासण्याचं. समुपदेशन झालं नाही तर त्या कार्डांचा उपयोग मुली नाकारायला होईल.

---

अनामिका_व

धन्यवाद. हे दोघांच्याही घरी दाखवते.

---

बंड्या_चांदा

डॉक्टरसाहेब, भाच्याले नेलं दवाखान्यात. वजन करून नवीन डोस दिला, महिन्यानं रक्त तपासायले बोलावलं. एसटी फुकट हाय त्याले, तेवढं बरं. आता बहीण म्हणते लहान पोरीचंबी तपासून घेऊ. गावात शिबिरात बाटलीतली टेस्ट झाली, पॉझिटिव्ह सांगितलं, पण एएस का एसएस ते नाई सांगितलं. आन तिले मागच्या महिन्यात पांढरी पडली म्हणून रक्त चढवलं होतं.

---

पमी_नागपूरची

बाटलीतली म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. ती फक्त एस आहे एवढंच सांगते, एएस की एसएस ते तिला कळत नाही. त्याला एचपीएलसीच लागते. पण रक्त चढवलंय म्हणालात, तर आत्ता करू नका. कागदावर रक्तदात्याचं ए दिसेल आणि एसएस असलेली पोर एएस वाटेल. असे रिपोर्ट घेऊन लोक वर्षानुवर्षं निर्धास्त फिरतात. शेवटचं रक्त दिल्यापासून तीन महिने जाऊ द्या, मग नमुना द्या. मध्ये पुन्हा चढवायची वेळ आली तर चढवण्याआधी नमुना काढून ठेवायला सांगा, आणि लॅबच्या फॉर्मवर रक्त कधी चढवलं ती तारीख लिहायला लावा. थांबायचं नसेल तर डीएनएची तपासणी होते का ते चंद्रपूरच्या केंद्रात विचारा. रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका, बघते.